मोटारसायकलमधील विद्युत बिघाड आणि डॅशबोर्डवरील दिवे : नवशिक्यांसाठी तपासणीचा क्रम

मराठवाड्यात मोटारसायकल केवळ ये-जा करण्यापुरती क्वचितच वापरली जाते. सकाळी दुधाचे कॅन, दुपारी मोंढ्यातून आणलेली खताची गोणी आणि शेतीपंपाची वीज रात्रीची असेल तर मध्यरात्री आखाड्यापर्यंतची फेरी, अशी सगळी कामे एकाच गाडीवर होतात. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर असताना ती पत्र्याच्या शेडखाली उभी असते आणि पावसाळा सुरू झाला की काळ्या मातीचा चिखल चाकांत, स्टँडच्या सांध्यात आणि वायरिंगच्या सॉकेटमध्ये जाऊन बसतो. या सगळ्याचा त्रास इंजिनाच्या आधी वायरिंगला होतो. तरीही गाडी सुरू होईनाशी झाली की पहिला उपाय म्हणून बॅटरी बदलली जाते, नवी बॅटरीही आठवडाभरात उतरली की आरआर युनिट (बॅटरी चार्ज करण्यासाठी एसीचे डीसी करून व्होल्ट मर्यादेत ठेवणारा रेग्युलेटर-रेक्टिफायर) बदलले जाते, आणि एवढा खर्च झाल्यावर सीटखालची एखादी सैल अर्थिंगची (बॅटरीच्या मायनसला चेसिस व इंजिनाशी जोडणारी) वायर सापडते. मोजमाप न करता सुटे भाग बदलत जाणे हा या कामातील सर्वांत महागडा मार्ग आहे. ज्या वाचकाने आजवर मल्टिमीटर वापरलेला नाही, त्यालाही घरच्या घरी करता येईल असा तपासणीचा क्रम पुढे दिला आहे.

चावी फिरवल्यावर काय दिसले पाहिजे

सेल्फ न मारता नुसती चावी चालू केली की डॅशबोर्डवरील इशाऱ्याचे बहुतेक दिवे काही क्षण उजळतात. दिवा स्वतः चालू आहे की नाही हे या वेळी कळते, म्हणून हा क्षण दुर्लक्षू नये. इंजिनाचे चित्र असलेला पिवळसर दिवा काही गाड्यांत दोन-तीन सेकंदांनी विझतो, तर काहींत इंजिन सुरू झाल्यावरच विझतो. फ्यूएल इंजेक्शनच्या गाडीत याच वेळी टाकीतून इंधनपंपाचा बारीक आवाज ऐकू येतो. एबीएसचा (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा मात्र गाडी उभी असेपर्यंत लागलेलाच राहतो आणि गाडीने ताशी साधारण ५ ते १० किलोमीटरचा वेग घेतला की विझतो. नवी गाडी घेतलेले अनेक जण याच दिव्याला घाबरून दुसऱ्याच दिवशी शोरूम गाठतात. तसेच १ एप्रिल २०१७ पासून तयार होणाऱ्या दुचाकींमध्ये इंजिन सुरू असताना हेडलाइट आपोआप लागतो आणि तो बंद करण्याचे बटण नसते. भर दुपारी लागलेला हेडलाइट हा बिघाड नाही.

लागून राहिलेल्या दिव्याकडे सर्वांचे लक्ष जाते, परंतु चावी फिरवल्यावर जो दिवा लागलाच नाही तोही तितकाच महत्त्वाचा असतो. इंजिनाचा दिवा अजिबात लागला नाही आणि पंपाचाही आवाज आला नाही, तर ईसीएमपर्यंत (इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकापर्यंत) वीजच पोहोचत नाही असे समजून फ्यूज आणि किल स्विचपासून (हँडलवरील इंजिन बंद करण्याच्या स्विचपासून) सुरुवात करावी. जुनी गाडी विकत घेताना तर हे आवर्जून पाहावे, कारण बिघाड दुरुस्त करण्याऐवजी दिव्याची जोडणीच काढून टाकलेल्या गाड्या बाजारात येतात.

रंगांचा अर्थ सरळ आहे. हिरवा आणि निळा दिवा केवळ माहिती देतो. हिरवा न्यूट्रलचा किंवा इंडिकेटरचा, निळा अप्पर लाइटचा. पिवळा दिवा म्हणजे गाडी सावकाश चालवून लवकर तपासून घ्यावी. लाल दिवा लागल्यास थांबावे. तेलाच्या झारीचे चित्र असलेला लाल दिवा चालत्या गाडीत लागला, तर इंजिन त्याच जागी बंद करावे, गाडी सपाट जागेवर सरळ उभी करून ऑइलची पातळी पाहावी, आणि पातळी बरोबर असूनही दिवा विझत नसेल तर गाडी ढकलत किंवा टेम्पोत घालून न्यावी. वायरिंगचा दोष असावा असे गृहीत धरून दहा किलोमीटर चालवलेल्या इंजिनाचे काम बॅटरीच्या किमतीत होत नाही. लिक्विड-कूल्ड गाडीत तापमानाचा लाल दिवा लागल्यासही थांबावे, रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडू नये, आणि गाडी निवल्यावर पंख्याचा फ्यूज पाहावा.

एक गोष्ट येथेच लक्षात घ्यावी. दिवा हा बिघाड कोणत्या सर्किटमध्ये आहे ते दाखवतो. त्या सर्किटमधला नेमका कोणता भाग खराब झाला हे तो सांगत नाही. सेन्सर, त्याची वायर, सॉकेटमधील पिन आणि अर्थिंग यांपैकी कशामुळेही तोच दिवा लागू शकतो. पुढील सर्व तपासणी यासाठीच आहे.

हाताशी काय असावे

साधा डिजिटल मल्टिमीटर पुरेसा आहे. इलेक्ट्रिकल वस्तूंच्या दुकानात तो काही शे रुपयांत मिळतो. त्यातील तीनच खुणा प्रथम शिकाव्यात. सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ असलेली व्होल्टची खूण बॅटरीसाठी, नागमोडी रेघेची खूण मॅग्नेटमधून (इंजिनावर फिरून वीज तयार करणाऱ्या भागातून) येणाऱ्या एसीसाठी, आणि बीप वाजणारी खूण वायर सलग आहे की तुटली हे पाहण्यासाठी असते. बीपची तपासणी नेहमी चावी बंद ठेवून करावी. याशिवाय इंडिकेटरचा १२ व्होल्टचा बल्ब, होल्डर आणि दोन वायरी जोडून टेस्ट लॅम्प घरीच तयार करता येतो. मीटर अगदी अल्प प्रवाहावरही पूर्ण व्होल्ट दाखवतो, म्हणून एकाच तारेवर तग धरून राहिलेली वायर त्याला चांगलीच वाटते. टेस्ट लॅम्प मात्र मंद पेटून ती पकडून देतो. हा लॅम्प ईसीएमच्या किंवा सेन्सरच्या वायरींना कधीही लावू नये, कारण त्याचा प्रवाह त्या नाजूक सर्किटला झेपत नाही.

गाडीसोबत मिळालेले मॅन्युअल जपून ठेवावे. वायरींचे रंग कंपनीनुसार आणि मॉडेलनुसार बदलतात, त्यामुळे दुसऱ्या गाडीवरून लावलेला अंदाज येथे उपयोगी पडत नाही.

पहिली तपासणी बॅटरीची, दिवा कोणताही असो

इंजिनाचा दिवा, एबीएसचा दिवा, घड्याळाची वेळ शून्यावर जाणे, डॅशबोर्डवरील मीटरचा काटा थरथरणे, यांपैकी कोणतेही लक्षण असले तरी सुरुवात बॅटरीपासून करावी. व्होल्ट घसरले की ईसीएम आणि एबीएस युनिट दोन्ही चुकीचे इशारे देऊ लागतात, आणि अशा वेळी सेन्सरच्या मागे लागणे म्हणजे वेळ आणि पैसा दोन्ही वाया घालवणे होय.

गाडी काही तास, शक्यतो रात्रभर, उभी राहिल्यानंतर चावी बंद ठेवून मीटरची लाल पिन बॅटरीच्या प्लसला आणि काळी मायनसला लावावी. १२.६ ते १२.८ व्होल्ट म्हणजे बॅटरी पूर्ण भरलेली आहे. १२.४ च्या आसपास ती साधारण पाऊण भरलेली असते, आणि १२ किंवा त्याखाली आकडा आला तर चार्ज केल्याशिवाय पुढची कोणतीही तपासणी करू नये. नुकतीच चालवून आणलेल्या गाडीत हा आकडा फसवा मोठा दिसतो. त्यासाठी हेडलाइट किंवा ब्रेक लाइट मिनिटभर लावून मग मोजावे.

त्यानंतर मीटर तसाच लावून ठेवून सेल्फ मारावा आणि त्या क्षणीचा आकडा वाचावा. तो साडेनऊ-दहा व्होल्टच्या वर राहिला तर बॅटरीत दम आहे. १२.५ दाखवणारी बॅटरी सेल्फ मारताच ७ किंवा ८ वर कोसळत असेल, तर तिचा एखादा सेल गेलेला आहे आणि ती कितीही चार्ज केली तरी टिकणार नाही. सेल्फ दाबल्यावर टिक-टिक-टिक असा वेगाने आवाज येणे हेही बहुधा उतरलेल्या बॅटरीचे किंवा सैल टर्मिनलचे लक्षण असते.

तिसरे मोजमाप इंजिन सुरू असताना घ्यावे. रेस वाढवून इंजिनाचा वेग मिनिटाला चार-पाच हजार फेऱ्यांपर्यंत नेला असता बॅटरीवर १३.५ ते १४.८ व्होल्टच्या दरम्यान आकडा दिसला पाहिजे. तो १३ च्या वर जातच नसेल तर चार्जिंग होत नाही, आणि १५ च्या वर जात असेल तर अतिचार्जिंग होते आहे. अतिचार्जिंगच्या गाडीत बल्ब वारंवार उडतात, बॅटरी फुगते आणि कधीकधी सडक्या अंड्यासारखा वास येतो. ही तीन मोजमापे वहीत लिहून ठेवावीत. निम्म्याहून अधिक प्रश्न येथेच सुटतात, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

बॅटरीच्या बाबतीत आपल्या भागात काही सवयी मोडण्यासारख्या आहेत. ज्या बॅटरीला झाकणे असतात, तिच्यात उन्हाळ्यात पाणी लवकर आटते, म्हणून दर पंधरा-वीस दिवसांनी पातळी पाहावी आणि दोन रेषांच्या मध्ये येईल एवढेच डिस्टिल्ड वॉटर घालावे. बोअरचे पाणी कधीही घालू नये. मराठवाड्यातील बोअरच्या पाण्यातील क्षार बॅटरीच्या प्लेटा खराब करतात. घरच्या फिल्टरचे पाणीही डिस्टिल्ड नसते. बंद प्रकारच्या बॅटरीत पाणी घालायचे नसते, त्यामुळे तिचे झाकण उचकटू नये. १०० ते १२५ सीसीच्या अनेक गाड्यांची बॅटरी अवघी ३ ते ४ अँपिअर-आवरची असते. ती चार्ज करताना प्रवाह क्षमतेच्या साधारण एक दशांश, म्हणजे अर्ध्या अँपिअरहूनही कमी असावा. घरच्या इन्व्हर्टरला किंवा ट्रॅक्टरच्या चार्जरला ती जोडणे म्हणजे ती उकळवणे होय. चार्जिंग चालू असताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, म्हणून जवळ बिडी किंवा काडी पेटवू नये. ॲसिड अंगावर उडाले तर लगेच भरपूर पाण्याने धुवावे.

बॅटरी काढताना आधी मायनसची वायर सोडावी आणि बसवताना ती सर्वांत शेवटी जोडावी. हा क्रम पाळला तर पाना चुकून चेसिसला टेकला तरी शॉर्ट होत नाही. इंजिन सुरू असताना बॅटरीची वायर कधीही काढू नये. पूर्वी मेस्त्री असे करून मॅग्नेट तपासत, परंतु इंजेक्शनच्या गाडीत त्यामुळे व्होल्ट एकदम चढून ईसीएम जळू शकतो.

अर्थिंग आणि सांधे

बॅटरी चांगली, फ्यूज शाबूत, तरीही सेल्फ मंद फिरतो किंवा हॉर्न दाबला की हेडलाइट मंद होतो, अशा गाडीत अर्थिंग तपासावे. येथे नवशिक्यांची एक गफलत होते. ते चावी बंद ठेवून वायर तपासतात, बीप वाजतो, आणि वायर चांगली आहे असे ठरवून पुढे जातात. ठिबकचा व्हॉल्व्ह बंद असताना फिल्टर चोंदलेला असला तरी गेजवर पूर्ण दाब दिसतो आणि पाणी सोडल्यावरच दाब पडतो, तसेच वायरचे असते. तिच्यातील अडथळा तिच्यातून प्रवाह वाहत असतानाच दिसतो.

म्हणून मीटर डीसी व्होल्टवर ठेवून त्याची लाल पिन इंजिनाच्या रंग नसलेल्या धातूला आणि काळी पिन बॅटरीच्या मायनस टर्मिनलला घट्ट टेकवावी, आणि दुसऱ्या कोणाला तरी सेल्फ मारायला सांगावे. आकडा ०.२ ते ०.३ व्होल्टपेक्षा जास्त आला तर मायनसच्या वाटेत कुठे तरी गंज, रंग किंवा सैल नट आहे. त्याच रीतीने बॅटरीच्या प्लसपासून सेल्फ मोटारच्या टर्मिनलपर्यंत मोजावे. तेथे अर्धा व्होल्ट ही वरची मर्यादा मानावी. दोष सापडला की नट उघडून दोन्ही पृष्ठभाग पॉलिश पेपरने चमकेपर्यंत घासावेत, घट्ट बसवावेत आणि वरून थोडे पेट्रोलियम जेली लावावे. टर्मिनलवर जमलेली पांढरी-हिरवी भुकटी गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुता येते.

सॉकेट तपासताना केवळ ते बसलेले आहे एवढे पाहू नये. ते उघडून पिन हिरवी पडली आहे का, प्लास्टिक तपकिरी होऊन वितळले आहे का, आणि एखादी पिन मागे सरकली आहे का हे पाहावे. पंपाच्या जोरदार पाण्याने धुतलेल्या गाडीत पाणी याच मार्गाने शिरते, म्हणून धुताना हँडलवरील स्विच, सीटखालचा भाग आणि आरआर युनिट यांवर फवारा मारू नये. पावसाळ्यात वाळलेला चिखल स्क्रू-ड्रायव्हरने खरवडून काढण्याऐवजी भिजवून काढणे चांगले, नाही तर सेन्सरची बारीक वायर त्यासोबत तुटते.

काही बिघाड येतात आणि जातात. खड्ड्यात गाडी आदळली की बंद, किंवा हँडल डावीकडे पूर्ण वळवले की इंजिन गप्प, असे होत असेल तर इंजिन चालू ठेवून हँडलच्या मानेजवळचा वायरींचा जुडगा हळूहळू हलवून पाहावा. सतत वळून तेथील तांबे आतून तुटते आणि वरचे प्लास्टिक मात्र अखंड दिसते. दुसरे संशयित ठिकाण म्हणजे टाकी आणि सीट यांच्या खालचा भाग. कापूस, सोयाबीन किंवा कडबा साठवलेल्या खोलीत गाडी उभी राहत असेल तर उंदीर वायरी कुरतडतात, आणि एकच कुरतडलेली वायर कधी फ्यूज उडवते, तर कधी सेन्सरचा दिवा लावते. अशी वायर जोडताना तारा नुसत्या पिळून टेप गुंडाळू नये, कारण उन्हाळ्यात टेपचा गोंद वितळून ती सुटते. त्याच जाडीची वायर सोल्डर करून वर हीट-श्रिंक नळी चढवावी.

फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असल्यास

फ्यूजच्या रंगावरून त्याची क्षमता कळते : ७.५ अँपिअर तपकिरी, १० लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा. उडालेल्या फ्यूजच्या जागी तेवढाच फ्यूज बसवावा. चांदीचा कागद, तारेचा तुकडा किंवा मोठा फ्यूज घातला की पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायरिंग जळते, आणि आग टाकीच्या अगदी खाली लागते.

नवा फ्यूजही लगेच उडत असेल तर एकामागून एक फ्यूज खर्च करण्यापेक्षा रिकाम्या फ्यूज-होल्डरच्या दोन्ही टोकांना टेस्ट लॅम्प जोडावा. चावी चालू केल्यावर लॅम्प पूर्ण प्रखर पेटला तर शॉर्ट अजून कायम आहे. मग त्या फ्यूजवर चालणाऱ्या वस्तू एकेक करून सोडवत जावे : आधी हॉर्न, नंतर ब्रेक लाइट, नंतर इंडिकेटर, आणि बाहेरून बसवलेली काही उपकरणे असतील तर ती सर्वांत आधी. जी वस्तू सोडवताच लॅम्प मंद होतो किंवा विझतो, तिच्या वायरमध्ये शॉर्ट आहे. ईसीएमच्या फ्यूजवर ही पद्धत वापरू नये.

बाहेरून बसवलेल्या उपकरणांविषयी थोडे कठोर बोलणे भाग आहे. रात्री शेतात जायचे म्हणून ५५ वॅटचे दोन हॅलोजन दिवे लावले, तर त्यांनाच सुमारे ९ अँपिअर प्रवाह लागतो. स्वतःचा हेडलाइट, इंजेक्शन आणि बॅटरी यांची गरज भागवून एवढा प्रवाह लहान गाडीच्या मॅग्नेटकडे उरत नाही. त्यामुळे नवी बॅटरी घातली तरी ती उतरतच राहते आणि दोष बॅटरी विकणाऱ्याला दिला जातो. दिवे हवेच असतील तर कमी वॅटचे एलईडी घ्यावेत आणि ते रिले (लहान प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) व स्वतंत्र फ्यूज घालूनच जोडावेत. इंडिकेटरच्या साध्या बल्बांच्या जागी एलईडी बसवल्यावर तो भराभर लुकलुकू लागतो. तेथे केवळ फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा भाग) बदलावा लागतो. मूळ बल्ब असताना एकाच बाजूचा इंडिकेटर भराभर लागत असेल, तर त्या बाजूचा एक बल्ब उडालेला आहे. दुधाच्या कॅनसाठी स्टँड वेल्डिंग करून घ्यायचे असल्यास त्याआधी बॅटरी सोडवावी आणि ईसीएमचे सॉकेटही काढून ठेवावे.

सेल्फ लागत नाही

येथे स्विचांची साखळी आधी पाहावी, पाना नंतर उचलावा. किल स्विच चालू बाजूला आहे का, साइड स्टँड पूर्ण वर आहे का, न्यूट्रलचा हिरवा दिवा लागला आहे का, आणि क्लच पूर्ण दाबल्यावर फरक पडतो का, हे क्रमाने तपासावे. साइड स्टँडचा स्विच जमिनीलगत असल्याने आपल्याकडे चिखलाने तोच सर्वांत आधी अडतो. गिअर टाकताच इंजिन बंद पडणे हे त्याचे नेहमीचे लक्षण आहे. गाडी नुकतीच आडवी पडली असेल तर इंजेक्शनच्या अनेक गाड्यांत पडझड ओळखणारा सेन्सर इंजिन बंद करतो. गाडी सरळ उभी करून चावी एकदा बंद करून पुन्हा चालू केली की ती सुरू होते.

सेल्फ दाबल्यावर एकदाच ठक असा आवाज आला आणि मोटार फिरली नाही, तर रिलेपर्यंतचा आदेश पोहोचतो आहे आणि दोष रिलेच्या संपर्कात, जाड वायरीत किंवा मोटारच्या कार्बनमध्ये (फिरणाऱ्या भागाला घासून वीज देणाऱ्या तुकड्यांमध्ये) आहे. कोणताच आवाज आला नाही तर वरील स्विच, फ्यूज आणि रिलेची कॉइल यांकडे वळावे. मोटार व्यवस्थित फिरते पण इंजिन पकडत नाही, हा प्रश्न सेल्फचा नसून प्लग, इंधन किंवा सेन्सरचा असतो. इंजेक्शनच्या गाडीची बॅटरी पूर्ण मेलेली असेल तर ढकलून ती सुरू होण्याची आशा ठेवू नये, कारण पंप आणि ईसीएम यांना आधी वीज लागते. ट्रॅक्टरच्या किंवा कारच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवरून जंप करायचे झाल्यास त्या वाहनाचे इंजिन बंद ठेवावे, प्लस प्लसला जोडावा, मायनसची वायर आपल्या इंजिनाच्या धातूला लावावी आणि गाडी सुरू होताच ती काढून घ्यावी.

चार्जिंग होत नसल्यास

बॅटरीचा दिवा चालू राहतो किंवा वरील तिसऱ्या मोजमापात आकडा १३ च्या खाली राहतो, तेव्हा दोष मॅग्नेटच्या कॉइलमध्ये, आरआर युनिटमध्ये किंवा त्यांच्या मधल्या सॉकेटमध्ये असतो. सॉकेट आधी उघडून पाहावे. जळालेले सॉकेट हाच अनेकदा संपूर्ण बिघाड असतो. मॅग्नेटमधून येणाऱ्या तीन सारख्या रंगाच्या वायरी, ज्या पुष्कळ गाड्यांत पिवळ्या असतात, सॉकेटपासून सोडवाव्यात. इंजिन बंद असताना ओहमवर मोजले असता कोणत्याही दोन वायरींमधील रोध जवळजवळ सारखा आणि फार थोडा, बहुधा एक ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी, आला पाहिजे. यांपैकी कोणत्याही वायरीपासून इंजिनाच्या धातूपर्यंत बीप वाजता कामा नये. वाजल्यास कॉइल जळून बॉडीला टेकली आहे.

आता सॉकेट सोडवलेलेच ठेवून इंजिन सुरू करावे आणि मीटर एसी व्होल्टवर घेऊन तिन्ही जोड्या मोजाव्यात. रेस वाढवल्यावर हा आकडा ५० व्होल्टच्या पुढेही जातो, म्हणून पिनांना बोट लावू नये. नेमका आकडा गाडीगणिक वेगळा असतो, परंतु तिन्ही जोड्यांचा आकडा सारखा असला पाहिजे. एक जोडी मागे पडत असेल तर कॉइल खराब आहे. तिन्ही सारख्या असून बॅटरीवर व्होल्ट चढत नसतील, तर आणि तरच आरआर युनिटवर खर्च करावा, तोही त्याचे अर्थिंग आणि बॅटरीकडे जाणारी वायर तपासल्यानंतर. हे युनिट हवेने थंड होते. त्याच्या पाकळ्यांत चिखल भरून राहिला तर उन्हाळ्यात ते लवकर जळते. जुन्या कार्ब्युरेटरच्या काही गाड्यांत हेडलाइट थेट मॅग्नेटच्या एसीवर चालतो आणि आयडलवर मंद होतो. त्या गाडीचा तो स्वभाव आहे.

चार्जिंग ठीक असूनही दोन-तीन दिवस उभी राहिलेली गाडी उतरत असेल, तर चावी बंद असताना कोणती तरी वस्तू वीज खाते आहे. मायनसची वायर सोडवून, मीटरची लाल पिन अँपिअरच्या खाचेत लावून, मीटर ती वायर आणि बॅटरीचे मायनस टर्मिनल यांच्या मध्ये जोडावा आणि त्या अवस्थेत चावी किंवा सेल्फ अजिबात वापरू नये, नाही तर मीटरचा फ्यूज उडतो. काही मिलिअँपिअर हा घड्याळाचा आणि ईसीएमचा नेहमीचा खर्च असतो. आकडा त्याहून बराच मोठा असेल तर आधी मोबाइल चार्जर, जीपीएस ट्रॅकर आणि अलार्म सोडवून पाहावेत.

इंजिनाचा आणि एबीएसचा दिवा

भारत स्टेज ६ चे नियम १ एप्रिल २०२० पासून लागू झाल्यापासून नव्या पेट्रोल दुचाकींत इंजेक्शन आणि ईसीएम सर्रास आले. ईसीएम बिघाडाचा कोड साठवून ठेवतो. अनेक गाड्यांत सीटखाली सहा पिनांचे लाल सॉकेट असते. त्याला योग्य जोडवायर लावून स्कॅनरने कोड वाचता येतो. काही गाड्यांत दिवा स्वतःच लांब आणि आखूड लुकलुकून आकडा सांगतो, ज्याची पद्धत मॅन्युअलमध्ये असते. नेहमी भेटणारे कोड थोडे आहेत. पी०३३५ हा क्रँक सेन्सरच्या सर्किटचा, पी०१२२ आणि पी०१२३ हे थ्रॉटल सेन्सरचे, पी०२०१ हा इंजेक्टरच्या सर्किटचा, आणि पी०५६२ हा कमी व्होल्टचा. शेवटचा कोड दिसला तर बाकीचे बाजूला ठेवून पुन्हा बॅटरीकडे जावे.

कोडमध्ये सेन्सरचे नाव आले म्हणून लगेच सेन्सर मागवू नये. थ्रॉटल सेन्सरसारख्या तीन वायरींच्या सेन्सरचे सॉकेट सोडवून चावी चालू करावी आणि वायरिंगच्या बाजूला मोजावे. एका पिनेवर साधारण ५ व्होल्ट आणि दुसऱ्या पिनेवर अर्थिंग मिळाले पाहिजे. हे दोन्ही मिळत नसेल तर नवा सेन्सरही तोच कोड देईल. सॉकेट चावी चालू असताना काढल्याने नवा कोड साठतो, म्हणून ते नेहमी चावी बंद करून काढावे व बसवावे. दुरुस्तीनंतर कोड पुसून गाडी चालवावी. इंजिनाचा दिवा लुकलुकत असताना गाडी झटके खात असेल तर वेग कमी करून लवकर थांबावे, कारण न जळालेले पेट्रोल सायलेन्सरमधील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळून तो खराब होतो.

एबीएसचा दिवा चालताना विझत नसेल तर साधे ब्रेक लागतात, पण चाक लॉक होण्यापासूनचे संरक्षण मिळत नाही. ओल्या डांबरावर हे लक्षात ठेवून चालवावे. प्रथम चाकाजवळची दातेरी किंवा भोके असलेली चकती आणि तिच्यासमोरचा सेन्सर पाहावा. सेन्सरच्या टोकाला लोखंडाची भुकटी आणि काळी माती चिकटते. ती मऊ कापडाने पुसली की अनेकदा दिवा विझतो. पंक्चर काढताना चाक चुकीचे बसले, चकती वाकली किंवा वेगळ्या मापाचा टायर घातला तरी हा दिवा लागतो. मेन स्टँडवर गाडी लावून मागचे चाक पळवले असता पुढचे चाक स्थिर असल्याने एबीएस गोंधळतो आणि दिवा लावतो. चावी बंद-चालू करून थोडे अंतर चालवल्यावर तो आपोआप जातो. एबीएसच्या मुख्य युनिटचे आणि ब्रेकच्या नळ्यांचे काम मात्र घरी उघडू नये.

वॉरंटीतील गाडीची वायर कापण्याआधी सर्व्हिस सेंटरला दाखवावे, कारण कापलेली वायरिंग पाहून वॉरंटी नाकारली जाऊ शकते. ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जातानाही वहीतील आकडे सोबत न्यावेत : उभ्या गाडीचे, सेल्फ मारतानाचे आणि रेस दिल्यावरचे व्होल्ट, उडालेल्या फ्यूजचे नाव, दिवा केव्हा लागला, आणि त्याआधी गाडी धुतली, पडली किंवा तिच्यावर काही नवे बसवले का. एवढी माहिती हाती आली की त्याला वायरिंग उघडण्याची सुरुवात कोठून करायची ते ठरवता येते.